हसण्यावारी नेलेलं कलम

ताईच्या भावाला कोर्टात सगळे नाकबूल म्हणायचे. हे नाव आपल्याला अजिबात आवडत नाही असं तो सांगत फिरायचा, त्यावरूनच ते त्याला किती आवडतं हे कळायचं.

त्याचं काम कंपन्यांच्या भांडणांचं. एक कंपनी माल देते, दुसरी म्हणते माल फुटका, मग दोघी कोर्टात जातात आणि फुटक्या मालावर धूळ साचेपर्यंत भांडतात. त्यातल्या फुटका माल देणाऱ्याच्या बाजूने नाकबूल उभा राहायचा. एकदा एका सिमेंटवाल्याचं सिमेंट ट्रकमध्येच घट्ट झालं होतं, ट्रकसकट. नाकबूल म्हणाला, घट्ट होणं हा सिमेंटचा गुणच आहे, साहेब. एका छत्रीवाल्याच्या छत्र्या उघडायच्या, पण मिटायच्याच नाहीत. फिर्यादी पुरावा म्हणून उघडी छत्री घेऊन आला आणि ती कोर्टाच्या दारातून आत जाईना. तो बाहेर खटपट करत असताना नाकबूलने आत युक्तिवाद संपवला. एका लिफ्ट कंपनीच्या लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायच्या. लिफ्ट अडकते हेच त्याने नाकारलं. ती थांबते, म्हणाला. आता त्याच कंपनीची लिफ्ट कोर्टाच्या इमारतीत बसली होती आणि सगळे वकील जिन्याने जायचे. फक्त नाकबूल इमानाने लिफ्टने जायचा.

त्याची पद्धत साधी होती. कोर्टाचा नियमच असा की समोरच्याने दाव्यात जे जे लिहिलंय ते आपल्या कैफियतीत एकेक कलम घेऊन नाकारायचं. जे नाकारायचं राहिलं, ते तुम्हाला कबूल आहे असं धरलं जातं. म्हणून नाकबूल सगळंच नाकारायचा. दाव्यात तारीख लिहिली असेल तर तारीख नाकारायचा. अशिलाचं नाव लिहिलं असेल तर आधी तेही नाकारायचा आणि मग खाली आपल्या हाताने लिहायचा.

ही सवय कोर्टातली नव्हती. ताईला ती पाळण्यापासून ठाऊक होती. त्यांच्या बाबांचा कारखाना होता, कपड्यांच्या दुकानात उभे करतात त्या पुतळ्यांचा. बाबांनी स्वतःच्या हाताने घडवलेल्या पहिल्या पुतळ्याचा डावा हात एके दिवशी गायब झाला आणि तो छोट्याच्या, म्हणजे घरच्या नाकबूलच्या, दप्तरात सापडला. दप्तरातून कोपरापर्यंतचा हात बाहेर आलेला, आणि छोट्या सांगतोय, मी नाही. बाबा हसून हसून खाली बसले. पण छोट्याने आजतागायत ते कबूल केलं नव्हतं.

बाबा गेल्यावर कारखाना ताईने चालवला. साचे, फायबर, घासकाम, रंगकाम, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिच्या पुरुष-पुतळ्यांना एकच चेहरा होता. वकिली शिकताना छोट्याला वेळच वेळ होता, तेव्हा तिने त्याच्याच चेहऱ्याचा साचा घेतला होता. नाकात दोन नळ्या खुपसून त्याला आडवा केला आणि बजावलं, प्लास्टर सुकेपर्यंत हसायचं नाही. तो हसला नाही. त्यामुळे जगातल्या कितीतरी दुकानांत, शर्ट-पँट घालून, छोट्या गंभीर चेहऱ्याने उभा होता.

आणि आता त्याच पुतळ्यांवरून ताईवर दावा झाला होता.

दावा शोरूमवाल्याने लावला होता. त्याने ताईकडून शोरूमभर पुतळे घेतले आणि थोड्याच दिवसांत ते खराब म्हणून गोदामात टाकले. त्याने मागितलेली भरपाई द्यायची म्हणजे कारखाना विकायचा, एवढा सरळ हिशोब होता. कोर्टाने निकाल लागेपर्यंत गोदामाला सील ठोकलं.

"घाबरतेस काय," नाकबूल म्हणाला. "मी आहे ना."

"म्हणूनच विचारतेय," ताई म्हणाली.

कैफियत सांगत तो त्याच्या ऑफिसात फेऱ्या मारत होता, टायपिस्टबाई टाइप करत होत्या आणि ताई खुर्चीत बसून ऐकत होती. बोटं सैल आहेत, हा मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. रंग उडतो, मान्य व कबूल नाही. एक पुतळा गिऱ्हाइकावर पडला, मान्य व कबूल नाही. गिऱ्हाईक पुतळ्यावर पडलं. असं करत तो कलम एकेचाळीसवर आला आणि थांबला.

"काय लिहिलंय?" ताईने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं. "सदर पुतळे, कोणी बघत नसताना, जागा बदलतात, व बघणाऱ्याची नक्कल करतात."

आधी त्याच्या नाकातून आवाज आला. मग तो टेबलाला धरून हसायला लागला. ताईलाही हसू फुटलं. टायपिस्टबाई एरवी पगाराच्या दिवशीसुद्धा हसत नसत, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "चालतात म्हणे," नाकबूल म्हणत होता, "हे लिहिलंय कुणी? मंजूळने? मी शिकवलं हिला, मी!" मग हसून घसा कोरडा पडला म्हणून तिघं खाली चहाला गेले. परत आल्यावर नाकबूल म्हणाला, कुठे होतो आपण, आणि टायपिस्टबाई म्हणाल्या, बेचाळीस.

मंजूळबाई म्हणजे शोरूमवाल्याची वकील. पूर्वी नाकबूलच्या हाताखाली शिकलेली. आवाज असा की शिवी दिली तरी अंगाई वाटावी. कोर्टात समोरच्या वकिलाच्या डोळ्यांत कधी बघायचं नाही, बघितलं की दया येते, हे तिला नाकबूलनेच शिकवलं होतं. ते दोघे वर्षानुवर्षं एकमेकांकडे न बघता भांडत आले होते. आणि न्यायाधीश तर कुणाकडेच बघत नसत. ते मान खाली घालून लिहीत. त्यांच्या टकलाचा जेवढा भाग वकिलांना पाठ होता तेवढा चेहरा कुणाला आठवत नसे.

"कलम एकेचाळीस नाकारलेलं दिसत नाही," पहिल्याच तारखेला मंजूळबाई गोड आवाजात म्हणाली.

नाकबूलने कैफियत चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. ताईला मागच्या बाकावरून त्याची फक्त मान दिसत होती. ती हळूहळू लाल होत गेली.

"साहेब," तो म्हणाला, "पुतळे चालत नसतात."

"हे तुमच्या कैफियतीत कुठे आहे?" न्यायाधीशांनी लिहिता लिहिता विचारलं.

"ते लिहायची गरजच काय, साहेब? जगातल्या कुणालाही..."

"जग या दाव्यात पक्षकार नाही. नाकारलेलं नाही म्हणजे कबूल आहे. पुतळे चालतात, हे आता दोन्ही बाजूंना मान्य. पुढे बोला. चालणं हा दोष आहे का, एवढंच ठरवायचंय."

कोर्टात कुणी हसलं नाही. ताईला वाटलं होतं की हसतील. पंख्याचा आवाज तेवढा येत होता, आणि त्या आवाजात तिला पहिल्यांदा पाठीवरून काहीतरी गार सरकल्यासारखं झालं. एवढी शहाणीसुरती माणसं एक गोष्ट खरी मानून पुढच्या पानावर गेली होती.

नाकबूलने कैफियत दुरुस्त करायचा अर्ज दिला. न्यायाधीश म्हणाले, आधी मालाची पाहणी होऊ द्या. त्यासाठी त्यांनी एक कमिशनर नेमले, म्हणजे कोर्टाच्या वतीने जाऊन बघून येणारे. हे निवृत्त गृहस्थ. यांनी आयुष्यात पूल, बोटी आणि एकदा एक बुडालेलं हॉटेल तपासलं होतं.

भर दुपारी सगळे गोदामात गेले. कोर्टाच्या बेलीफने सील काढलं, शटर वर गेलं. आत दिवे पांढरेफेक होते, सावली पडायला जागा नव्हती. रांगाच रांगा उभ्या होत्या. बायकांचे पुतळे, मुलांचे पुतळे, आणि मागे सगळीकडे छोट्या. कपडे उतरवलेला, टकला, गंभीर छोट्या. खरा छोट्या त्यांच्यासमोर फाइल छातीशी धरून उभा राहिला आणि ताईला उगाचच वाटलं की याने काहीतरी अंगावर घ्यावं.

"कोणी बघत नसताना चालतात, असं आहे ना?" कमिशनर म्हणाले. "मग बघून कसं चालेल? सगळ्यांनी पाठ करा."

"मी आक्षेप नोंदवतो," नाकबूल म्हणाला.

"पाठ करून नोंदवा."

मग कमिशनर, दोन वकील, शोरूमवाला, बेलीफ आणि ताई, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शाळेत शिक्षा झाल्यासारखे. भिंतीचा रंग फुगला होता. शोरूमवाला दबक्या आवाजात म्हणाला, "मी तर फक्त तोंडाने बोललो होतो हो. रागारागात. बाईंनी ते लिहूनच घेतलं."

"अशील सांगेल ते लिहायचं असतं," मंजूळबाई कुजबुजली. पण तिच्या आवाजातली साखर जरा कमी झाली होती.

मागे काही वाजलं नाही. काहीच नाही. एवढ्या मोठ्या गोदामात उंदीर तरी असायला हवा होता.

"वळा," कमिशनर म्हणाले.

ते वळले. सगळे पुतळे पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. शिक्षा झाल्यासारखे. मागच्या रांगेतल्या एका छोट्याने फाइल नसलेले हात छातीशी धरले होते.

कमिशनरनी चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं, 'वळतात.' मग बराच विचार करून पुढे लिहिलं, 'सफाईने.'

परतताना गाडीत नाकबूल फाइल उलटीपालटी करत राहिला. ताईच म्हणाली, "छोट्या, हे काय आहे?"

"हायड्रॉलिक असेल," तो म्हणाला.

"मी बनवलेत ते. आत पोकळ आहेत."

"मग नाकबूल," तो म्हणाला, पण सवयीने. त्यात जोर नव्हता.

न्यायाधीशांनी अहवाल मान वर न करता वाचला आणि नमुना म्हणून एक पुतळा कोर्टात आणून ठेवायला सांगितलं. बेलीफने छोट्याच्या चेहऱ्याचा एक उचलून आणला, मनगटाला कोर्टाची चिठ्ठी बांधली आणि कोपऱ्यात उभा केला. वकिलांची चंगळ झाली. येता जाता कुणी त्याला नमस्कार करायचं, कुणी विचारायचं, काय नाकबूलराव, आज गप्प? कोर्टात गाऊन अडकवायला खुंटी नव्हती, म्हणून नाकबूल स्वतःच आपला काळा गाऊन त्याच्या खांद्यावर टाकून जेवायला जाऊ लागला. ताईने त्याला सांगितलंही, तुझा गाऊन त्याच्या अंगावर नको टाकूस, बरं दिसत नाही.

"का? त्याला जास्त शोभतो?"

ताईला तेच म्हणायचं होतं.

शेवटच्या सुनावणीच्या दिवशी ती लवकर येऊन मागच्या बाकावर बसली. आज निकाल. पुकारा झाला, मंजूळबाई उभी राहिली आणि बोलू लागली. छोट्याचा पत्ता नव्हता. ताईने फोन लावला, लागेना. तिने दाराकडे बघितलं, मग परत समोर बघितलं, तर छोट्या आपल्या जागेवर उभा होता. काळा गाऊन, सरळ पाठ. तिने सुटकेचा श्वास सोडला. श्वास अर्ध्यावर असतानाच तिची नजर त्याच्या मानेवर गेली. मानेमागे, केस संपतात तिथे, साच्याच्या जोडाची बारीक रेघ होती. पण केस संपत नव्हतेच तिथे. केस नव्हतेच. कोपरा रिकामा होता.

ताईने तोंड उघडलं. आणि मिटलं. सगळ्यांसमोर उठून काय सांगायचं? साहेब, माझा वकील तो नव्हे, तो माझा माल आहे? की माझा माल आपण होऊन चालत वकिलाच्या जागी गेला, म्हणजे कलम एकेचाळीस अक्षरशः खरं? तिथेच कारखान्याचं शटर पडलं असतं.

"बोटं सैल होती," मंजूळबाई म्हणाली आणि नेहमीसारखी थांबली, नाकबूलने मध्ये तोंड घालावं म्हणून. कुणी तोंड घातलं नाही.

"रंग उडत होता," ती म्हणाली. शांतता.

मंजूळबाई गडबडली. समोर बघायचं नाही ही शिकवण, त्यामुळे तिने बघितलं नाही. पण आजवर ज्याने तिचा एक स्वल्पविरामसुद्धा नाकारल्याशिवाय सोडला नव्हता, तो गप्प होता. म्हणजे याच्याकडे काहीतरी मोठं आहे. "अर्थात रंग थोडाच उडाला होता," ती म्हणाली. शांतता. "म्हणजे, उन्हात कोणताही उडतोच." शांतता. "आणि चालण्याबद्दल म्हणाल, तर खरं तर, चालणाऱ्या पुतळ्यांमुळे गिऱ्हाईक वाढलंच होतं, साहेब." शोरूमवाला तिची बाही ओढत होता. ती घामाघूम झाली होती. शेवटी तिने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "आम्ही दावा मागे घेतो."

न्यायाधीशांनी लिहायला घेतलं. "प्रतिवादीच्या वकिलांनी दाखवलेल्या संयमाचं कोर्ट कौतुक करतं," ते पुटपुटत लिहीत होते. "सर्व वकिलांनी हा आदर्श..."

ताईला पुढचं ऐकू आलं नाही. ती धावत पुढे गेली आणि गाऊनमधल्या त्या कोपराला धरून, माझा भाऊ थकलाय, म्हणत त्याला दाराकडे नेऊ लागली. कोपर गार होतं, पण पाऊल तिच्या पावलाबरोबर पडत होतं. ती मुद्दाम समोर बघत चालली. मागून बेलीफचा आवाज आला, "बाई, कोपऱ्यातला तुमचा पुतळा गोदामात परत नेतोय. काही हरकत?"

कोपऱ्यातला पुतळा? तो तर तिच्या हाताला धरून चालला होता. पण 'कोपऱ्यात पुतळा नाहीच' असं म्हटलं की सगळ्यांनी वळून बघितलं असतं. ताईने काही म्हटलं नाही. तिच्या मागून हसण्याचा आवाज मात्र आला, नाकातून सुरू होणारा, ओळखीचा. आनंदात कुणीतरी हसत असेल.

बाहेरच्या पॅसेजमध्ये लिफ्ट दुरुस्त करणारा हात पुसत उभा होता.

"तुमच्या वकिलांना काढलं बाई एकदाचं," तो म्हणाला. "मधल्या मजल्यावर थांबली होती. छताचं प्लास्टर पडलं सगळं त्यांच्यावर, पांढरेफटक झाले होते पायापासून डोक्यापर्यंत. तसेच धावत तुमच्याच कोर्टात गेले, मागच्या दाराने."

ताई परत आत धावली. कोपऱ्यात फरशीवर पांढऱ्या बुटांचे दोन ठसे होते. कुणीतरी दम खायला टेकलेलं. त्यांच्यापासून दारापर्यंत, ओढत नेल्यासारखी, पांढरी रेघ गेली होती.

गोदामापाशी ती पोचली तेव्हा शटर खाली होतं आणि वर ताजं सील. तिने शटरवर दोन्ही हात आपटले. आतून काही आलं नाही. "छोट्या, एकदा नाही म्हण," ती ओरडली. पहारेकरी म्हणाला, कोर्टाचा हुकूम आणा.

दुसऱ्या दिवशी ती न्यायाधीशांसमोर उभी राहिली. आता तिला कारखान्याची पर्वा नव्हती, किंवा होती, पण तिने ती घरी ठेवली होती. "साहेब, काल माझ्या बाजूने उभा होता तो पुतळा होता. दावा हवा तर परत लावा. माझा भाऊ गोदामात अडकलाय, त्याला बाहेर काढा."

न्यायाधीश लिहीत होते. "तुमचे वकील काय म्हणतात?"

ताईने वळून बघितलं. काळा गाऊन तिच्या शेजारी उभा होता. गंभीर.

"त्यांना तुमच्या म्हणण्याला दुजोरा द्यायचा दिसत नाही," न्यायाधीश म्हणाले. "अशिलाने भावनेच्या भरात जावं आणि वकिलाने संयम पाळावा, हे योग्यच. माल तसाही तुमचाच आहे, पुढच्या तारखेला सोडवून घ्या."

त्या तारखेपर्यंत तो गाऊन रोज कोर्टातून छोट्याच्या घरी जात राहिला, आणि छोट्याच्या बायकोचा, वहिनीचा, ताईला रोज फोन यायचा.

"ताई, काय केलंत हो तुम्ही याला? दावा जिंकल्यापासून एकदाही वाद घातला नाही. काल मी म्हटलं, पडदे बदलूया. नाही म्हणाला नाही."

"अगं, तो जेवतो का?"

"डाएटवर असेल. डोकंही भादरून घेतलंय, पोट किती आत गेलंय. आणि कामं तर काय येतायत! सगळ्यांना हाच वकील हवाय. नुसता उभा राहतो आणि समोरचे माघार घेतात."

"अगं, तो छोट्या नाही."

"असं नका ना म्हणू," ती म्हणाली. "इतकं छान चाललंय."

अखेर हुकूम मिळाला. बेलीफने सील काढलं, शटर वर केलं आणि कागदांवर सह्या घ्यायला दाराशीच बसला. ताई एकटी आत गेली. पांढऱ्या दिव्यांखाली रांगा तशाच होत्या, सगळे भिंतीकडे तोंड केलेले. ती एकेका छोट्याच्या समोर जाऊन बघत गेली. सगळ्यांनी छोट्याची नक्कल पुरी केली होती, केसांची नि कपड्यांचीसुद्धा, वर पांढरी धूळ बसली होती, सगळे सारखे दिसत होते. प्रत्येकाचा चेहरा गंभीर. निदान जवळून बघताना तरी. तिला मात्र वाटत होतं की आपण पुढच्याकडे वळलो की मागचा हळूच हसतोय.

बघून हे कळणार नव्हतं. कमिशनर म्हणाले होते तेच खरं. ताईने एक खोकं ओढलं, शटरकडे तोंड केलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

"छोट्या, तू पुतळा आहेस," ती म्हणाली.

मागे काहीतरी हललं. खूप काहीतरी, एकदम, जशी कोर्टात सगळी माणसं उठून उभी राहतात. आणि सगळं गोदाम एका आवाजात म्हणालं, "नाकबूल."

आवाज त्याचाच होता. प्रत्येकाचा त्याचाच होता. तिला पळून जावंसं वाटलं आणि तिचे पाय उठलेही. मग ती परत बसली. नक्कल चेहऱ्याची करता येते, आवाजाची करता येते, सवयीचीही येते. पण यांच्यातले कुणी त्या घरात लहानाचे मोठे झाले नव्हते.

"बरं," ती म्हणाली. "बाबांच्या पहिल्या पुतळ्याचा डावा हात तू मोडलास."

एवढे सगळे छोट्या, आणि एकालाही काय नाकारायचंय ते कळेना.

"दप्तरात सापडला होता," ती म्हणाली. "कोपरापर्यंत. गप्प बसलास तर कबूल धरीन मी. आणि बाबा हयात नसले तरी आत्याला सांगेन."

फार वेळ काही झालं नाही. मग तिसऱ्या-चौथ्या रांगेतून, धुळीने बसलेल्या घशातून, अगदी नाइलाजाने कुणीतरी म्हणालं, "तो हात आधीच सैल होता."

ताई उठली आणि न वळता, हात मागे पसरून, आवाजाच्या दिशेने उलटी चालत गेली. हाताला गार बोटं लागत होती, आणखी गार बोटं, काही तिची बोटं धरू बघत होती. मग एक कोमट हात लागला. तिने तो घट्ट धरला आणि मग वळली. पांढऱ्या धुळीतून तिचा भाऊ तिच्याकडे बघत होता. ओठ अजून हसण्यात अडकले होते, सोडवायला त्याला थोडा वेळ लागला.

"हसूच आलं गं," तो म्हणाला. "बेलीफने मला उचललं आणि विचारलं, हरकत आहे का. मला इतकं हसू आलं की नाही म्हणायचं राहूनच गेलं. मग ते जमेचना." तो बाहीवरची धूळ झटकू लागला. "आणि लिफ्टचं कुठे बोलू नकोस. कंपनी माझी अशील आहे."

ते बाहेर आले. दाराशी बेलीफ कागदांत डोकं घालून बसला होता. समोर गाडी उभी होती. वहिनी चालकाच्या जागेवर होती आणि तिच्या शेजारी, पट्टा लावून, काळा गाऊन.

छोट्या खिडकीशी वाकला. "अगं, मी."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं, मग शेजारी बघितलं. "ताई, हे कोण?"

बेलीफ ऐकत होता. त्याचं पेन थांबलं होतं. एक शब्द, आणि दावा परत उभा राहिला असता.

"हा माझा भाऊ," ताई मोठ्याने, स्पष्ट म्हणाली. "तो नाही. तो माझ्या कारखान्यातला पुतळा आहे, आणि तो चालतो. लिहून घ्यायचं असेल तर घ्या."

बेलीफने वर बघितलं नाही. जरा वेळाने त्याचं पेन परत कागदावर फिरू लागलं. तो काय लिहीत होता ते ताईला तिथून दिसलं नाही.

गाडीत वहिनी विचार करत होती. बराच विचार करत होती. शेजारचा गाऊन समोर बघत शांत बसला होता आणि त्याने काहीच नाकारलं नाही.

"मागे बस," ती शेवटी खिडकीशी वाकलेल्या नवऱ्याला म्हणाली.